घर विकताय? मग आधी सिंकखालचं दार उघडा

गेली चौदा वर्षं मी पुण्यात रिसेलचे फ्लॅट दाखवायचं काम करतेय. या वेळी किचनवरचे प्रश्नच जास्त आलेत, म्हणून सगळा रकाना त्यांनाच देते.

प्रश्न : कोथरूडला १९९८ सालचा वन बीएचके विकायचाय. कडाप्प्याचा ओटा, स्टीलच्या जुन्या ट्रॉल्या. भाऊ म्हणतो नवीन मॉड्युलर किचन करून घे, भाव चांगला येईल. करू का?

नका करू ताई. साध्या मॉड्युलर किचनलासुद्धा बराच खर्च येतो आणि एवढ्या जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट घेणारा माणूस किचन स्वतःच्या आवडीनेच करणार असतो, तुम्ही लावलेला लाल अॅक्रिलिक त्याला नकोच असेल तर तुमचे पैसे पाण्यात.

येणारे लोक नक्की काय करतात ते सांगते, शेकडो वेळा पाहिलंय. घरातली बाई आधी ओट्यासमोर उभी राहते, दोन्ही तळवे ओट्यावर ठेवते, जणू पोळ्याच लाटायच्यात, उंची बरोबर आहे का ते तिला तेवढ्यात कळतं. मग खिडकीकडे बघते. मग वाकून सिंकखालचं दार उघडते. तिथे ओल, झुरळं, कुजका प्लाय आणि कोंबलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या की तिचा चेहरा पडतो आणि पुढचा बेडरूम ती नुसता बघायचा म्हणून बघते. तोवर काका नळ सोडून धार बघत असतात.

म्हणजे खर्च तिथेच करायचा. सिंकखालचा वेस्ट पाइप बदला, गळका नळ बदला, ट्रॉली अडकत असेल तर तेवढाच चॅनल बदलून घ्या. टाइल्सच्या फटी काळ्या झाल्या असतील तर ग्राउट खरवडून नवीन भरा, एका दिवसाचं काम आहे पण भिंत दहा वर्षांनी तरुण दिसते. आणि एक लक्षात ठेवा, कडाप्पा हा चुनखडीचा दगड आहे, त्याच्यावर अॅसिड, व्हिनेगर, लिंबू काही घालू नका, पांढरे डाग पडतात आणि ते पॉलिश केल्याशिवाय जात नाहीत. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ घासणी, बास. शेवटी ओटा रिकामा करा. गॅस आणि पाण्याचा पिंप सोडून वर काहीही नको, मिक्सरसुद्धा आत. लहान किचन मोठं दाखवायचा याच्याइतका स्वस्त उपाय मला अजून सापडलेला नाही.

प्रश्न : वरच्या फ्लॅटच्या बाथरूममुळे किचनच्या कोपऱ्यात ओल येते, पोपडे पडलेत. एजंट म्हणतो पुट्टी लावून रंग मारा, व्यवहार होईपर्यंत टिकेल. चालेल का?

नाही चालणार, आणि हे मी अगदी कळकळीने सांगते. ओली भिंत पुट्टीने झाकली की पाणी आतच राहतं, थोड्याच दिवसांत रंग फुगतो. बरं, लोक आता दोन-तीनदा येऊन बघतात, पावसाळ्यात मुद्दाम येतात. शिवाय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधं बघून न कळणारा मोठा दोष सांगणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. समोरचा आयुष्याची पुंजी घालून घर घेत असतो हो, त्याला असं फसवू नये.

आधी गळती शोधा. वरच्यांना भेटा, त्यांच्या बाथरूमची नहाणी, म्हणजे पाणी वाहून जायची जाळी, बंद करून फरशीवर दोन बोटं पाणी दिवसभर साठवून ठेवायला सांगा आणि खाली डाग वाढतोय का बघा. वाढला तर दोष फरशीत किंवा नहाणीच्या जॉइंटमध्ये. नाही वाढला तर पाइपलाइन तपासा, आणि बाहेरचा कॉमन पाइप निघाला तर दुरुस्ती सोसायटीने करायची असते, सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या. दुरुस्ती झाली की पोपडे खरवडून भिंत तीन-चार आठवडे उघडी वाळू द्या, मगच रंग. प्लंबरचं बिल जपून ठेवा आणि येणाऱ्याला स्वतःहून दाखवा. माझ्या अनुभवात बिल बघून माणूस पळत नाही, उलट निवांत होतो.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला, घरात रोज मासळी. लोक दारातच नाक मुरडतात. रूम फ्रेशनर मारते पण उपयोग नाही.

आपल्या जेवणाची लाज बाळगायचं काहीच कारण नाही, फक्त वास कुठे बसलाय ते शोधायचं. फ्रेशनरने उलट शंका येते, हे काय लपवतायत. वास धरतो तो तेलाचा चिकट थर, म्हणजे चिमणीचे फिल्टर, एक्झॉस्टची पाती, ओव्हरहेड कपाटांचा वरचा भाग, डब्यांखालचे कागद. स्टीलचे फिल्टर कडक गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवा, अॅल्युमिनियमची जाळी असेल तर सोडा नको, काळी पडते, तिला भांड्याचा साबणच. सिंकखालचा ट्रॅप, म्हणजे पाइपचा वाकडा भाग, उघडून साफ करा, निम्मा वास तिथेच असतो. मासळीचा वास आंबटाने मरतो, म्हणून तर आपण माशाला कोकम, लिंबू लावतो, तर स्टीलचं सिंक आणि कटिंग बोर्ड लिंबाने घासा. पडदे धुवा, आणि दाखवायच्या आधीचे दोन दिवस मासळी बंद ठेवा.

प्रश्न : किचन ईशान्येला आहे, वास्तू बघणारे परत जातात. काय करू?

दिशा फोनवरच सांगून टाका, म्हणजे ज्यांना चालत नाही त्यांचीही खेप वाचते. स्वयंपाक करणाऱ्याचं तोंड पूर्वेकडे येईल अशी शेगडी ठेवता येत असेल तर ठेवा, पण पाइप गॅस असेल तर लाइन गॅस कंपनीच्या माणसाकडूनच हलवा, कोपऱ्यावरच्या प्लंबरला हात लावू देऊ नका. पाडापाडी तर अजिबात नको.

प्रश्न : नाशिकच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत, किचनमध्ये झुरळं फार. त्यांना कसं सांगू?

त्यांचं ते राहतं घर आहे, म्हणून आधी विचारून वेळ ठरवा, आणि सफाई आणि पेस्ट कंट्रोलचा खर्च तुम्ही करा, त्यांच्यावर ढकलू नका. जेल ट्रीटमेंट करून घ्या, भांडी काढावी लागत नाहीत. जेल लावल्यावर वरून स्प्रे मात्र मारायचा नाही, स्प्रेच्या वासाने झुरळं जेलला तोंडच लावत नाहीत. त्यांना म्हणावं रात्री सिंक कोरडं ठेवा, खरकटी भांडी ठेवू नका. दोन आठवडे थांबा, मेलेली झुरळं झाडून घ्या, आणि मगच पहिल्या माणसाला बोलवा, शक्यतो भाडेकरूंचा स्वयंपाक आटोपल्यावर, अकराच्या सुमाराला.