पोरगा पाहत नाही, हे लिहून द्या

प्रश्न : माझी मावशी विधवा आहे, साठीला टेकलेली, महाल भागात एका खोलीत राहते. मागच्या महिन्यात मी तिला निराधारच्या सरकारी मदतीचा फॉर्म भरायला एका ऑफिसात घेऊन गेली. खिडकीतल्या माणसानं अख्ख्या लायनीसमोर विचारलं, "पोरगा पाहत नाही का? मग तसं लिहून द्या." मावशी काही बोललीच नाही. घरी येऊन फॉर्म पिठाच्या डब्याखाली सरकवला, आता परत जायचं नाव काढत नाही. माझा भाऊ म्हणतो, चौकशी नाही केली तर बंगलेवाले पण लायनीत येतील. मला दोघांचंही पटतं. मग न्याय कशाला म्हणायचं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, आधी भावाची बाजू घेतो, कारण ती उगाच नाही. पैसा मोजकाच असतो अन् तो ज्याला खरंच कमी आहे त्याच्याकडेच जावा, यात वावगं काहीच नाही. नशिबानं ज्याचं बिघडलं त्याला भरपाई, स्वतःच्या करणीनं बिघडलं तर नाही, असं मानणारी समतावाल्या विचारवंतांची एक मोठी फळीच आहे. पण हे ठरवायचं तर प्रत्येकाच्या घरात डोकवावं लागतं ना, तिथंच गाडं अडतं.

जोनाथन वुल्फ नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं 1998 साली नेमकं हेच पकडलं. त्याचं उदाहरण असं, की नोकऱ्या भरपूर आहेत अशा काळात एखाद्याला बेकार भत्ता हवाय, तर त्याला सरकारला पटवून द्यावं लागतं की मला कोणी घेत नाही, माझ्यात तेवढं काही नाहीच. पैसे मिळतात, पण स्वतःच्या तोंडानं स्वतःला नालायक म्हणून. वाटप चोख झालं अन् माणूस मात्र बाकीच्यांपेक्षा खाली गेला, मग ही समता कसली? पुढच्याच वर्षी एलिझाबेथ अँडरसन या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईनं हेच आणखी रागानं मांडलं, की समतेचा मुद्दा नशिबाचा हिशोब हा नाहीच, कोणालाही कोणासमोर वाकावं लागू नये हा आहे. मला तिचं जास्त पटतं.

आता मावशीकडे पाहा. संजय गांधी निराधार योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21 हजार, म्हणजे महिन्याला 1750. नागपुरात एवढ्यात खोलीभाडं तरी निघतं का हो? पण मावशी आकड्यावर अडली नाही, पोराबद्दल चारचौघांत लिहून द्यायचं यावर अडली. गरिबी तिनं निभावली असती, पोराची अब्रू चव्हाट्यावर आणणं तिला जमलं नाही.

मग चौकशीच नको? तसंही नाही, पण चाळणी कुठं लावायची हे आपल्या हातात असतं. आपल्याच राज्यात 1972 च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमी उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, तिथं दाखला कोणी मागत नव्हतं, काम मागेल त्याला काम. बंगलेवाला मे महिन्यात माती उपसायला येतच नाही, त्याला हाकलायची गरजच काय! अर्थात साठीच्या बाईला फावडं कुठून झेपणार, म्हणजे ही युक्ती सगळीकडे चालत नाही, हेही खरं.

दुसरी वाट म्हणजे सगळ्यांनाच द्यायचं. 1997 पर्यंत रेशन तसंच होतं, साखरेच्या लायनीत माझी आई अन् शेजारचे मास्तर पुढं-मागं उभे राहायचे, पिशवी लपवायचं कोणाच्या मनातही यायचं नाही. मग लाभार्थी निवडणं सुरू झालं अन् पिवळं, केशरी, पांढरं आलं. तामिळनाडूनं मात्र सगळ्यांसाठीचं रेशन मोडलं नाही. खर्च जास्त होतो, काही बंगलेवाले पण घेऊन जातात, नाही कशाला म्हणू. भावाला सांगा की मला ते परवडतं, एक मावशी लायनीतून परत गेली तर ते जास्त महाग पडतं. तो भांडेल. भांडू द्या.

फॉर्मचं म्हणाल तर मावशीला विचारूनच डब्याखालून काढा. जे लिहायचं ते घरी बसून लिहा अन् खिडकीवर बोलायचं काम तुम्ही करा.