साखरेवरचे १०० टक्के आयात शुल्क जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत बसते का?

होय, बसते, साखरेवर १५० टक्क्यांपर्यंत आयात शुल्क लावण्याची मुभा भारताने या संघटनेत राखून ठेवलेली आहे. खरा वाद ऊसदराचा आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांच्या तक्रारींवर डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या, संघटनेच्या तंटा-निवारण पॅनेलच्या अहवालानुसार, एफआरपीमुळे (कारखान्यांनी उसाला द्यायच्या, केंद्र सरकारने ठरवलेल्या किमान दरामुळे) उसाला मिळणारा आधार विकसनशील देशांसाठी असलेली, उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा ओलांडतो. एफआरपी सरकार नव्हे, कारखाने देतात, हा भारताचा मुद्दा पॅनेलने फेटाळला. हे गंभीर आहे, कारण हा दरच गेला तर ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळण्याच्या शेतकऱ्याच्या हक्काला अर्थ उरणार नाही. अर्थात, भारताने अपील केले असून अपील मंडळावर सदस्यच नसल्याने तो अहवाल बंधनकारक झालेला नाही.