कमावती पोरं क्रिकेटच्या सट्ट्यात का अडकतात?

'कोल्हापुरात शिकलेली, कमावती पोरंसुद्धा सट्ट्यात का?' या प्रश्नावर 'लालूच, संगत, मोबाइल' अशी उत्तरं वाचून राग आला, म्हणून लिहितोय. माझ्या मते मूळ उधारीत आहे.

आयडी, म्हणजे सट्ट्याच्या साइटचं लॉगिन, देणारा त्याच पेठेतला, बऱ्याचदा त्याच तालमीतला. आधी पैसे भरायचे नाहीत, तो लिमिट, म्हणजे उधारीवर खेळायची रक्कम, टाकून देतो, हिशेब सोमवारी. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या पोराला बँक दारात उभं करत नाही, पगाराची तारीख पुढंमागं होते. त्याला शब्दावर उधार देणारा हाच पहिला भेटतो. हरल्यावर बुडवायचं म्हणजे पेठेत तोंड दाखवायची चोरी. मग सावकार. महिना १० टक्क्यांनी २०,००० उचलले की वर्षाला २४,००० नुसतं व्याज, मुद्दल तसंच. ते फेडायला पुन्हा मॅच.

'ज्याला क्रिकेट कळतं त्याला पैसा सुटतो' हे तर साफ खोटं. टॉसला दोन्हीकडं ९० पैसे भाव असतो. १,००० लावून जिंकला तर ९००, हरला तर १,००० गेले. म्हणजे दर हजारामागं सरासरी ५० बुकीचे. सेशन, म्हणजे ठरावीक ओव्हरांत किती धावा होतील यावरचा सट्टा, तर त्याहून वाईट: ६ ओव्हरला ४८-५० भाव असताना ('येस' म्हणजे ५० किंवा जास्त, 'नॉट' म्हणजे ४८ पेक्षा कमी) ४८ किंवा ४९ धावा झाल्या, तर 'येस'वालाही हरला आणि 'नॉट'वालाही. यात क्रिकेटचं ज्ञान कुठं कामाला येतं?

ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावायचे फँटसी खेळ थांबले. व्हॉट्सॲपवरची आयडी थांबली नाही.

आणि घरच्यांनो, दागिने गहाण टाकून गुपचूप फेडू नका. अब्रू वाचत नाही. पूर्ण फेडणाऱ्या गिऱ्हाइकाची लिमिट वाढते, एवढंच होतं. आधी बुकी, सावकार आणि लोन ॲप यांचं देणं कागदावर वेगवेगळं मांडा. करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे सट्ट्याचं देणं कोर्टातून वसूल होत नाही. सावकाराकडं परवाना आहे का, ते सहकारी संस्थांच्या सहाय्यक निबंधकांकडं विचारा. नसेल तर ती सावकारी २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, लेखी तक्रार द्या. पोराचं यूपीआय काही महिने घरच्यांच्या ताब्यात असू दे.

अर्थात बुकी कोर्टात जात नाही, माणसं पाठवतो. तेव्हा पोलिसांत जायची तयारी ठेवा. कोरा चेक दिला असेल तर आधी वकील गाठा. चांगल्या पगाराची पोरंही अडकतात, त्यांना उधारीचं कारण पुरतं लागू नाही. झोप उडाली असेल, जिवाचं काही बोलत असेल, तर १४४१६ वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला लगेच फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.