नाईट घेऊ का, असं विचारलंस

पोरी,

नर्सिंग शिकता शिकता दवाखान्यात रात्रपाळी घेऊ का, हा तुझा मेसेज आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. पिठाच्या हातानंच 'घेऊ नकोस' असं लिहिणार होते, पण कारण सांगितल्याशिवाय तू ऐकायची नाहीस.

मीही घेतली होती नाईट. जीएनएमचं, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाचं दुसरं वर्ष, वडिलांचा माग बंद पडलेला. रात्री ८ ते सकाळी ६ एका छोट्या दवाखान्यात, आणि पुन्हा ८ ला ट्रेनिंगच्या वॉर्डात हजर. तिसऱ्या आठवड्यात एका म्हाताऱ्या आजींना सलाईन लावायचं होतं, ५०० मिली, ८ तासांत. सेट २० थेंबांचा, म्हणजे एका मिलीला २० थेंब. म्हणजे १० हजार थेंब, भागिले ४८० मिनिटं, मिनिटाला २१. तुला हे तोंडपाठ असेल, मलाही होतं. मी लावले ४२, आठाचे चार तास धरून. आजींचं हृदय आधीच थकलेलं. इन्चार्ज सिस्टर फिरत आल्या, घड्याळावर नजर ठेवून त्यांनी थेंब मोजले आणि गुपचूप रोलर फिरवून वेग कमी केला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुपारी फक्त विचारलं, "काल किती झोपलीस?"

त्या महिन्याचा पगार घेतला आणि नाईट सोडली.

दुसरं असं, की नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन होईपर्यंत तू तिथे नर्स नाहीसच. कागदावर हेल्पर लिहितील आणि रात्री दोनला इंजेक्शन तुझ्याच हातात देतील. काही झालं तर डॉक्टर घरी, नातेवाईक दारात, आणि मध्ये तू. शिवाय तुझ्या बीएस्सीला हजेरी ८० टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षेला बसता येत नाही, आणि क्लिनिकलची बुडालेली ड्युटी भरून काढल्याशिवाय डिग्री मिळत नाही. नाईट करून आलेली मुलगी आधी सकाळची पोस्टिंगच बुडवते.

पण काम करूच नकोस असं म्हणणारी मी नव्हे. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. आई विड्या वळायची, नाईट सोडल्यावर मी तिच्या शेजारी बसले. ती भिजवलेली पानं कापायची, मी तंबाखू भरून वळायची आणि दोरा बांधायची. समोर भिंतीवर क्रेनियल नर्व्हचा, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या नसांचा तक्ता. एक नर्व्ह, एक विडी. (बोटांचा वास काही जायचा नाही. ड्रेसिंगला उभी राहिले की पेशंट माझ्याकडे बघायचे.) तू विड्यांच्या वाटेला जाऊ नकोस, त्या धुळीनं आईची छाती गेली. पण त्या कामात एक सोय होती. परीक्षा आली की मांडीवरचं सूप बाजूला सरकवता यायचं, कुणाला विचारावं लागत नसे.

तसं काम बघ. गल्लीतल्या आठवी-नववीच्या मुलांना संध्याकाळी दीड तास विज्ञान शिकव, ज्या दिवशी नळाला पाणी येईल त्या दिवशी सुट्टी, त्यांची आईपण तेच म्हणेल. रविवारी मेडिकलच्या काउंटरला उभी राहा, औषधांची नावं डोळ्यांखालून जातील. माझी एक मैत्रीण संक्रांतीला गड्ड्यावर, सिद्धेश्वराच्या यात्रेत, स्टॉलवर उभी राहून वर्षाच्या पुस्तकांचे पैसे काढायची. पाय सुजायचे, पण यात्रा संपली की काम संपलं.

आणि महाडीबीटीचा, सरकारी स्कॉलरशिपचा ऑनलाइन फॉर्म भरलास का? नसशील भरला, मला माहीत आहे. स्कॉलरशिप सोडून रात्र विकायला निघालीस म्हणून जरा रागच आलाय मला. खात्याला आधार जोडलंय का ते आधी बघ, तिथेच बऱ्याच मुलींचे पैसे अडकतात.

रविवारी ये. उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं पासबुक आण, इथेच बसून फॉर्म भरू. जेवायलाच ये, शेंगाचटणी ताजी कुटलीय. आणि त्या दवाखान्याला आजच नाही म्हणून कळव, उद्यावर ढकलू नकोस.

तुझी,
ताई