बिबळ्याच्या लाकडी पेल्यातील पाण्याने मधुमेह बरा होतो का?

बरा होतो असे म्हणता येणार नाही. बिबळा, म्हणजे संस्कृतातील असन किंवा बीजक, हा पानझडी जंगलांत वाढणारा कठीण लाकडाचा वृक्ष असून त्याच्या गाभ्याच्या लाकडाचा पेला रात्री पाण्याने भरून ठेवावा आणि सकाळी ते पाणी प्यावे, अशी मधुमेहावरची जुनी प्रथा आहे. पाण्याला येणारी निळसर झाक लाकडातील द्रव्यांची असते. ती गुणाची खूण मानू नये. रक्तातील साखर काहीशी उतरल्याचे अभ्यास आहेत, परंतु पेल्यातून किती द्रव्य पाण्यात उतरते याला माप नसल्याने चालू औषध थांबवू नये. सालीतून पाझरणारा लाल, तुरट डिंक पूर्वी अतिसारावर देत असत. नावाच्या साम्यामुळे मात्र बिबळ्याला बिब्बा समजू नये. बिब्बा वेगळा असून त्याच्या तेलाने अंगावर फोड येतात.