रूझवेल्टच्या ‘न्यू डील’मुळे अमेरिकेतली महामंदी खरंच संपली का?

नाही, संपली नाही. पण त्या काळात लोक तगले आणि बँका सावरल्या, ते न्यू डीलमुळेच, म्हणजे रूझवेल्ट सरकारने मंदीशी लढायला आखलेल्या योजनांमुळेच. १९३३ मध्ये रूझवेल्ट अध्यक्ष झाले तेव्हा दर चार कामगारांमागे साधारण एक बेकार होता. १९३७ पर्यंत बेकारी १४ टक्क्यांच्या आसपास उतरली. मग सरकारने बजेट जुळवायच्या नादात हात आखडता घेतला, फेडरल रिझर्व्हनेही (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) बँकांनी राखून ठेवायच्या रकमेची अट वाढवली, आणि १९३८ मध्ये आकडा परत १९ टक्क्यांवर. (स्वतःच्या पायावर धोंडा, दुसरं काय!) सगळ्यांच्या हाताला काम मिळालं ते दुसऱ्या महायुद्धाच्या ऑर्डरी आल्यावर.

तरी दोन गोष्टींचं श्रेय द्यायलाच हवं:

- ठेवींचा विमा: १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतची ठेव सुरक्षित झाली. पैसे काढायला बँकेसमोर झुंबड उडायची, ती जवळपास थांबली.
- सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर: बेकार पोरांना झाडं लावायचं, जंगलात रस्ते बांधायचं काम. महिन्याला ३० डॉलर, त्यातले साधारण २५ थेट घरी. पोराच्या हातात पाचच, पण घरची चूल पेटायची.

एक मात्र ध्यानात ठेवा: वरचे टक्के ज्या नेहमीच्या आकडेवारीतले आहेत, तिच्यात सरकारी मदतकामांवरचे मजूरही बेकारच धरलेत. त्यांना कामावर मोजलं तर बेकारी बरीच कमी दिसते. अभ्यासकांची भांडणं मुख्यतः तिथेच.