आमिश लोकांची वस्ती बघायला जाता येतं का? ते खरंच विजेशिवाय राहतात का?

हो, येतं की. आमिश म्हणजे अमेरिकेतला, जुन्या साध्या पद्धतीने राहणारा एक ख्रिस्ती पंथ. आम्ही न्यू जर्सीहून पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत गेलो होतो, बर्ड-इन-हँड गावाच्या बाजूला. फक्त रविवारी जाऊ नका, त्यांची दुकानं बंद असतात, त्या दिवशी प्रार्थना असते आणि तीही चर्चमध्ये नाही, आळीपाळीने कुणाच्या तरी घरी.

विजेचं म्हणाल तर बाहेरून येणारी लाईन ते घेत नाहीत, पण म्हणून सगळंच नाकारतात असं नाही, गॅसवर चालणारा फ्रीज असतो, सुतारकामाची मशीनं दाबाच्या हवेवर चालतात, फोन असतो पण बऱ्याचदा घराबाहेर छोट्या खोपटात. काय चालेल काय नाही हे एकत्र प्रार्थना करणारा त्यांचा प्रत्येक स्थानिक गट मिळून ठरवतो, त्या नियमांना ऑर्डनुंग म्हणतात. मला हे फार आवडलं, वस्तू घरात आणायच्या आधी तिच्याने घरची माणसं लांब जातील का हा विचार करणं.

एका घराबाहेर कपड्यांची दोरी पुलीवर होती, एक बाई ओट्यावर उभी राहून एकेक कपडा अडकवून दोरी पुढे सरकवत होती, निळे, जांभळे, काळे कपडे पार कोठाराच्या टोकापर्यंत गेलेले. फोटो काढावासा खूप वाटला पण काढला नाही. त्यांना चेहऱ्याचे फोटो चालत नाहीत, धर्माचा प्रश्न आहे, तेवढं प्लीज पाळा. आणि गाडी हळू चालवा, पुढे घोडागाडी असू शकते.